लुटुपुटूची साखर

“आधी सगळ्यांना वाढते, मग बसते मी,” आई म्हणाली आणि खोलीतल्या सगळ्याजणी हसल्या. ओळखीचं हसू होतं ते. प्रत्येकीने हे वाक्य आयुष्यात हजारदा म्हटलेलं असणार. प्रसंग मात्र खोटा होता. दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर मधुमेहींसाठी वर्ग चालायचा, त्याच्या खोलीत ना पाहुणे होते, ना जेवण. टेबलावर रबरी पोळ्या, प्लास्टिकच्या भाताची मूद, एक रिकामा कुकर आणि चार स्टीलची ताटं मांडलेली. सिस्टरनी आईला सांगितलं होतं, “काकू, दुपारचा एक वाजलाय. सकाळी आठला तुम्ही इन्सुलिन घेतलंय. जेवायची वेळ टळून गेलीय आणि पाहुणे आत्ता दारात आलेत. तुमचे हात थरथरतायत, पाठीवरून घाम वाहतोय. काय कराल?” आईला विचार करावाच लागला नाही. आणि पाहुणी कोण होतं, तर मी. मला सिस्टर एवढंच म्हणाल्या होत्या, “ताई, तुम्ही फक्त मागत राहा.” मी मागत राहिले. आमटी जरा गरम कर. लोणचं कुठंय? अजून एक पोळी आण. मी शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी स्टेजवर उभी राहिलेली नाही, पण त्या पाच मिनिटांत माझं एकही वाक्य अडलं नाही.

ते मला अजून सलतं.

आम्ही त्या वर्गाला गेलो ते आदल्या वर्षीच्या गौरींमुळे. गौरी जेवणाचा दिवस आमच्या घरात पहाटे चारला सुरू होतो. पुरण शिजल्याचा, जायफळ किसल्याचा, ओल्या केळीच्या पानांचा असा सगळा मिळून एक वास घरभर असतो आणि त्या वासात आई नुसती पळत असते. त्या दिवशी तिने आठ वाजता नेहमीचं १८ युनिटचं इंजेक्शन घेतलं आणि वर बिनसाखरेचा चहा. इंजेक्शन चुकवायचं नाही हा डॉक्टरांचा नियम आणि नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही हा घराचा. आईने दोन्ही पाळले. साडेअकराच्या सुमाराला ती माझ्यावर ओरडली. “पुरण असं वाटतात का गं? इतकी वर्षं काय बघितलंस माझं?” आई कधी ओरडत नाही. मला राग आला, मी गप्प बसले आणि यंत्राचं हँडल जरा जोरातच फिरवत राहिले. तिला घाम येत होता, पण शेगडीपुढे घाम कुणाला येत नाही! मग ती तुपाची वाटी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि ती वाटी कुठे ठेवायची हे तिला आठवेना. भिंतीला टेकून ती हळूहळू खाली बसली. मी हाका मारतेय आणि ती माझ्याकडे बघतेय, पण मला ओळखत नाहीये. माझी चुलतवहिनी साखरेचा डबा घेऊन धावली तर बाबांनी तिचा हात धरला. “अगं, साखर काय देतेस? डायबेटिस आहे तिला!” बाबा घाबरले होते, आणि वीस वर्षं आईच्या चहातून चमचा चमचा साखर कमी करत आलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरं काही सुचणं शक्यही नव्हतं. वहिनीने त्यांना बाजूला सारलं, पेल्यात चार चमचे साखर ढवळली आणि घोट घोट करून पाजली. साखर तपासायच्या मशीनवर आकडा आला ४८, हवा असतो ७० च्या वर. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी आईच्या डोळ्यांत ओळख परत आली. तिने पहिला प्रश्न विचारला, “नैवेद्य झाला का?”

इन्सुलिन साखर उतरवतं, आणि वर खाणं गेलं नाही तर ती फारच उतरते. अशी साखर कमी झाल्याची लक्षणं आम्हाला माहीत नव्हती असं नाही. पाच वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं तेव्हा एका दवाखान्यात आईला ते चार मिनिटांत समजावून दिलं होतं. केबिनचं दार अर्धं उघडं होतं आणि पुढचा पेशंट फाइल घेऊन उंबऱ्यावर उभा होता. देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे. त्या बाहेरच्या रांगेकडे बघितल्यावर चार मिनिटांबद्दल कुणाशी भांडावं हेही कळत नाही. निघताना एक छापील कागद मिळाला. हात थरथरणे, घाम येणे, भूक लागणे, चिडचिड होणे, गोंधळल्यासारखे वाटणे. तो कागद आम्ही चुंबकाने फ्रिजला लावला. पाच वर्षं दूध काढताना, कोथिंबीर ठेवताना तो रोज डोळ्यांखालून गेला. मला तो पाठ होता.

फ्रिजच्या दारापासून चार पावलांवर आई खाली बसली होती.

आम्ही सांगलीकडचे. आमच्याकडे तालीम हा शब्द दोन ठिकाणी राहतो. एक तालीम लाल मातीची. ती मातीसुद्धा हळद, लिंबू, तेल, ताक घालून मुरवलेली असते, पडणाऱ्याला सोसावी म्हणून. तिथे पोरं रोज एकमेकांना पाडतात आणि उठवतात. दुसरी तालीम नाटकाची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं ते आमच्याच गावात, त्यामुळे घराघरात कुणीतरी हौशी नट निघतोच. माझे आजोबाही काम करायचे. ते म्हणायचे, पाठ झालेलं वाक्य आणि तोंडात बसलेलं वाक्य यात फरक असतो. पाठ झालेलं वाक्य समोर माणसं दिसली की पळून जातं. सिस्टरच्या वर्गाला दवाखान्याच्या बोर्डावर ‘सिम्युलेशन’ असं काहीतरी लांबलचक नाव होतं. आईने पहिल्याच दिवशी त्याला तालीम म्हणायला सुरुवात केली आणि पुढच्या आठवड्यापर्यंत सिस्टरही तसंच म्हणायला लागल्या.

पहिल्या दिवशी संत्री होती. इंजेक्शन टोचायला शिकताना संत्र्यावर हात बसवण्याची पद्धत फार जुनी आहे. साल सुईला जो विरोध करतं तो कातडीच्या जवळपासचा असतो म्हणतात. आईला वाटलं, पाच वर्षं टोचतेय, मला काय शिकवणार? पण सिस्टरनी तिला “घरी करता तसं सगळं करून दाखवा” एवढंच सांगितलं आणि त्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. आईची बाटली गढूळ इन्सुलिनची, ३०/७० ची, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणारी दोन इन्सुलिनं एकत्र असलेली. तिने ती दोनदा गदागदा हलवली. सिस्टरनी तिच्या हातातून बाटली घेतली आणि दोन तळव्यांमध्ये आडवी धरून वळली, सावकाश, दहा वेळा, लाडू वळताना हात फिरतो तशी. तळाशी बसलेलं पांढरं सगळीकडे सारखं पसरलं. फेस नाही, बुडबुडा नाही. आई बघतच राहिली. मग सुईची टोपी. आपल्याकडच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची नारिंगी. रंग चुकला तर रेघ तीच राहते आणि डोस अडीच पटीने चुकतो. सिस्टरनी मुद्दाम दोन्ही सिरिंजा टेबलावर मिसळून ठेवल्या होत्या. एक निवृत्त मास्तर होते वर्गात, त्यांनी नारिंगी उचलली. कुणी काही बोललं नाही. त्यांचं त्यांनाच थोड्या वेळाने दिसलं. त्यांनी सिरिंज खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्या खोलीत चूक झाली तर संत्र्याला होत होती, ही केवढी मोठी सोय आहे, ते मला मास्तरांकडे बघताना कळलं.

घरी येऊन मी या तालमीचं मूळ शोधत बसले. विमान चालवायला जमिनीवर शिकवणारं पहिलं नावाजलेलं यंत्र १९२९ च्या सुमाराला अमेरिकेत एडविन लिंकने केलं. त्याच्या वडिलांचा कारखाना होता ऑर्गन बनवण्याचा, म्हणून त्या खोट्या विमानाला हेलकावे द्यायला त्याने भाते वापरले, आपल्या पेटीला असतात त्याच जातीचे. बंद पडलेलं हृदय चालू ठेवायला जगभर जी मऊ प्लास्टिकची बाहुली वापरून शिकवतात, ती १९६० साली नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्याने, आस्मुंड लेर्दालने केली. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, “म्हणजे भातुकलीच की.” भातुकलीत आपण खोटा खोटा चहा पितो, पण कप सांडू नये म्हणून खरा जपतो, हे तिने पुढे म्हटलं नाही. ते मला रात्री झोपताना सुचलं.

पण तालमीला एक धोकाही असतो. हात जे करतो तेच शिकतो, आणि तालीम एका वस्तूवर झाली आणि घरी दुसरी वस्तू हातात आली तर शिकलेलंच उलटतं. २०१७ साली अमेरिकेत याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. तिथे काही रुग्णालयांत पेनने, म्हणजे पेनाच्या आकाराच्या इंजेक्शनने, इन्सुलिन घ्यायला शिकवताना आपोआप झाकल्या जाणाऱ्या सुया वापरत. त्यांचं बाहेरचं एकच टोपण काढायचं असतं. घरी मिळायच्या त्या साध्या सुया, त्यांना आत आणखी एक बारीक टोपण. शिकलेल्या माणसांनी शिकल्याप्रमाणे बाहेरचं टोपण काढलं, पेन पोटाला लावलं, बटण दाबलं, दहा आकडे मोजले. इन्सुलिन आतल्या टोपणातच राहिलं. साखर का चढतेय ते कळेना, आणि त्यात एकाचा जीव गेला. इतक्या मन लावून, इतक्या बिनचूक केलेल्या चुकीने माणूस जातो याने माझ्या पोटात तुटलं. आमच्या सिस्टरना ही गोष्ट माहीत होती. म्हणून त्यांचा एक हट्ट असायचा. घरचं आणा. घरची सिरिंज, घरचं मशीन, घरचा चमचा, घरची वाटी.

वाटी नेली त्या दिवशी गंमत आणि गहिवर दोन्ही एकदम झालं. कागदावर लिहिलेलं असतं, ‘भात एक वाटी’. कुणाची वाटी? आईने नेली होती तिच्या लग्नातल्या भांड्यांपैकी एक, खाली तिचं नाव कोरलेली, खोलगट. सिस्टरनी त्यात भात भरला आणि त्यांच्या मापाच्या वाटीत ओतला. दीड वाटी भरली. शेजारच्या बाईंची वाटी उलट इवलीशी, लेकाच्या बारशातली. त्या कित्येक महिने त्या वाटीने मोजून जेवत होत्या आणि अशक्तपणा येतो म्हणून डॉक्टरांकडे तक्रार करत होत्या. त्यांना हे कळल्यावर त्या वाटीकडे बघत म्हणाल्या, “मला वाटायचं माझ्यातच काही कमी पडतंय.”

आणि मग ते हातमोजे. साखर घसरल्यावर मेंदूचं काय होतं ते नाटक करून दाखवता येत नाही, पण बोटांचं थोडं दाखवता येतं. सिस्टरनी आईच्या हातात जाड, बागकामाचे हातमोजे घातले, मोबाइलवर कुकरच्या शिट्ट्या लावल्या, आम्हा तिघांना एकदम बोलायला सांगितलं आणि आईला म्हणाल्या, “काकू, घरून आणलेलं ग्लुकोज काढा आणि तीन चमचे खा.” गौरींच्या त्या दिवसानंतर आम्ही ग्लुकोजचा पुडा आणून देवघराच्या कपाटात ठेवला होता, आणि पुडा आहे म्हणून निर्धास्त होतो. आईने खोका उघडला. आतलं पाकीट सीलबंद होतं. ती ते फाडायला लागली. मोज्यातली बोटं घसरत होती. दातांनी धरलं, ते निसटलं. शिट्टीवर शिट्टी होत होती आणि मी पाहुणीच्या आवाजात भात मागत होते. मिनिट गेलं, दुसरं गेलं. आईच्या कपाळावर घाम आला. खरा. तिने पाकीट टेबलावर ठेवलं, मोजे काढले आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, “घरात कात्री कुठे असते गं?” तिचं ते घर, ती कात्री तिचीच. कुणीतरी शिट्ट्या बंद केल्या. त्या रात्री आईने हळदी-कुंकवाच्या जुन्या स्टीलच्या डबीत ग्लुकोज भरलं, तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि ती डबी उघड-बंद करत ती बराच वेळ टीव्हीसमोर बसून होती. बाबांनीही मागून घेतली. अंधारात उघडून बघितली.

आता मी सुरुवातीच्या त्या वाक्याकडे येते, कारण सिस्टरनी ते सोडलं नाही. सगळ्याजणी हसल्यावर त्यांनी पाच मिनिटं चहाला दिली आणि मग आमच्या जागा बदलल्या. आता मी आई झाले आणि आई झाली पाहुणी. मी कुकरजवळ उभी राहिले, एक वाजला असं धरलं, हात थरथरतात असं धरलं. मी अजून काही करायच्या आत आईने ताट बाजूला सारलं आणि ती उठली. “तू बस आधी,” म्हणाली. “घाम बघ किती आलाय. गॅस मी बघते.” तिने माझ्या हातातला रिकामा डाव घेतला, पदराने माझं कोरडं कपाळ पुसलं, खुर्ची ओढून मला बसवलं आणि डबीतलं ग्लुकोज माझ्या तोंडापाशी आणलं. “पाण्यात नको, तसंच खा. पंधरा मिनिटं इथून हलायचं नाही. मग परत तपासू.” तीन चमचे, पंधरा मिनिटं, पुन्हा तपासणी, ७० च्या वर आली की पोटभर खाणं. एकही पायरी चुकली नाही. तिला सगळं येत होतं. पहिल्यापासून येत होतं.

सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “काकू, आता हेच स्वतःला म्हणा.”

आई गप्प राहिली. खिडकीबाहेर कुठल्यातरी गाडीवाल्याची घंटा वाजत होती. आईने तोंड उघडलं, मिटलं. “असं कसं म्हणणार,” ती म्हणाली, “लोक बसलेत ना.” समोर लोक म्हणजे मी, बारशातल्या वाटीच्या बाई आणि मास्तर. सिस्टर घाई करत नव्हत्या. मग त्यांनी एक वाक्य बनवून दिलं, लहान, तोंडात मावेल असं : ‘मला आत्ता खायला हवं. पंधरा मिनिटांनी वाढते.’ आईने ते चार-पाच वेळा म्हटलं. पहिल्यांदा प्रश्नासारखं, मग माफी मागितल्यासारखं. शेवटच्या वेळी बरं आलं, पण ते म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. सुई टोचायला, साखर मोजायला, वाटी भरायला ती दोन-तीन दिवसांत शिकली. या एवढ्याशा बोलण्याला तिला महिना लागला, आणि जाताना बसमध्येसुद्धा ती ते पुटपुटायची. खिडकीशी बसून ओठ हलवणाऱ्या आईकडे बघताना मला तिचं सबंध माहेर-सासर दिसायचं, पंगतीमागून पंगती, आणि प्रत्येक पंगतीच्या शेवटी उरलेल्या आमटीत भात कालवून जेवणारी ती. त्या पंगतींत मीही होतेच. पोटभर जेवून उठणाऱ्यांत.

एक संध्याकाळ आठवते. संगणकावर असे कार्यक्रम असतात. ‘ऐडा’ नावाचा एक तर १९९० च्या दशकापासून फुकट मिळत आला आहे. इन्सुलिनवरचा एक काल्पनिक रुग्ण घ्यायचा, त्याचं इन्सुलिन आणि जेवणं भरायची, की २४ तासांत साखर कशी चढेल-उतरेल त्याची रेघ उमटते. स्वतःचा डोस त्यावरून ठरवायचा नाही हे सिस्टरनी दहादा बजावलं होतं, नुसतं बघायचं. मी आईला तसा आलेख दाखवला आणि दुपारचं जेवण पुढे पुढे ढकलत गेले. रेघ खाली, आणखी खाली. आई चष्मा सावरून बघत होती. “कोण आहे ही?” तिने विचारलं. कुणी नाही, खोटी आहे, मी म्हटलं. “खोटी असली तरी,” आई म्हणाली, “एवढा उशीर का करतेस तिच्या जेवणाला?”

यंदाच्या गौरींच्या आधी आई आपण होऊन डॉक्टरांकडे गेली आणि त्या दिवसाचं इन्सुलिन, सकाळचं खाणं, सगळं विचारून आली. सकाळी तिने देवघराकडे एकदा बघून वाटीभर उपमा खाल्ला. तरी सव्वाबाराला, सोळावी भाजी कढईत असताना, मी तिची बोटं डावावर जरा वेगळी आवळलेली पाहिली. मी काही म्हणणार होते. पण ती आधीच कमरेची डबी काढत होती. मशीन ६६. थोरली काकू परातीशी बसली होती, तिची भुवई वर गेली. “नैवेद्याआधी?” सगळं स्वयंपाकघर थांबलं, निदान मला तसं वाटलं. आई बोलली ते अगदी हळू, सिस्टरच्याच शब्दांत, सिस्टरच्याच चालीत. “मला आत्ता खायला हवं. पंधरा मिनिटांनी वाढते.” मी पाट मांडला. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने डबीतलं तोंडात टाकलं, एक चमचा, दोन, तीन. थोरली काकू गुडघ्यावर हात ठेवून उठली, आईच्या हातातला डाव तिने काढून घेतला आणि भाजी हलवायला लागली. आई तशीच उभी होती, गौरींकडे पाठ करून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.